राऊत बाईंच्या गोण्या

राऊत बाईंना जाऊन आता बरेच महिने झाले, तरी आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव निघालं की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बाई फार हुशार होत्या. दुसरा म्हणतो, कसल्या हुशार, डोकं फिरलं होतं त्यांचं. मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलंय आणि दोन्ही वेळा मीच हरले. आता कोणी विचारलं तर मी सरळ विषय बदलते आणि पाण्याच्या टँकरवर आणते. आमच्या तुळिंजमध्ये, म्हणजे नालासोपाऱ्यात, पाण्यावर कोणाचंही एकमत होतं.

आमच्या बिल्डिंगचं नाव गुलमोहर. असं नाव ठेवणाऱ्या बिल्डरला कोपरापासून नमस्कार, कारण कंपाउंडात गुलमोहर सोडाच, तुळशीला पुरेल एवढीही माती नाही. गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळे पेव्हर ब्लॉक. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचा घोळ या मातीवरूनच झाला.

बाई तळमजल्यावर एकट्या राहायच्या. नालासोपाऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं हे विचारायची कोणाची टाप नव्हती. अंगाने काटकुळ्या, साडी कायम घोट्याच्या वर, पायात पीटीच्या मास्तरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि पर्समध्ये खडू. हो, खडू. शाळा सुटली तरी खडू सुटला नव्हता. जिन्यात, पार्किंगमध्ये, मीटर रूमच्या दारावर, जिथे काही समजवायचं असेल तिथे बाई लिहायच्या आणि मग तळहाताने पुसून टाकायच्या. माणसांना त्या आडनावाने हाक मारायच्या, हजेरी घेतल्यासारखी. मी सावंत. माझे यजमान मिस्टर सावंत. कचऱ्याचा डबा उघडा ठेवून मी जिन्यातून उतरताना दिसले की तळमजल्यावरून आवाज यायचा, "सावंत, झाकण!" आणि मी, वालीवच्या कंपनीत वीस पुरुषांना पगाराच्या दिवशी गप्प करणारी बाई, निमूट झाकण लावायची.

त्यांचं एक वाक्य सगळ्या बिल्डिंगला पाठ होतं. "दिसलं ते सांगा. वाटलं ते नंतर." मी एकदा तक्रार घेऊन गेले की वरच्या मजल्यावरचे लोक मुद्दाम आमच्या बाल्कनीत पाणी सोडतात. बाईंनी शांतपणे विचारलं, पाणी दिसलं का? दिसलं. मग मुद्दाम दिसलं का? आता मुद्दाम कसं दिसणार, सांगा बरं. मी तणतणत घरी आले आणि वरच्यांशी भांडायचं राहूनच गेलं. असं त्यांनी बिल्डिंगमधली किती भांडणं मारली असतील, देव जाणे.

तर एका वर्षी महापालिकेची नोटीस आली. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायचा, नाहीतर गाडी तो उचलणार नाही. कायदाच आहे म्हणे. मीटिंग बोलावली, आणि एरवी कोरम भरत नाही तिथे उभं राहायला जागा नव्हती. कोणी म्हणालं, आम्ही टॅक्स कशाला भरतो? एक गृहस्थ म्हणाले, गावाला दारात उकिरडा होता म्हणून तर शहरात आलो, आता इथेही उकिरडाच का? टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या, खोटं कशाला बोलू. कमिटीत मी होते ते दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून, आणि हा डोक्याला ताप माझ्याच गळ्यात पडणार हे मला दिसत होतं.

तेव्हा बाई उठल्या. भिंतीवर खडूने डंपिंगचा डोंगर काढला आणि सांगितलं की ओला कचरा डंपिंगच्या ढिगाखाली दबला की त्याला हवा मिळत नाही. हवेविना कुजताना तो एक वायू सोडतो, मिथेन. तो पेटतो. दर उन्हाळ्यात डंपिंग धुमसतं ते त्याच्या पोटात हा वायू असतो म्हणून. हवेत कुजवला तर तो वायू होत नाही, खत होतं. विषय संपला. कोणीतरी मागून विचारलं, आमच्या चार सालींनी असा काय फरक पडणार हो बाई?

बाईंनी खडू पर्समध्ये टाकला. मग म्हणाल्या, "त्या डोंगराच्या पायथ्याशी माझी आक्का राहते. मोठी बहीण. तिनेच मला वाढवलं. तिला धूर सोसत नाही आणि ती घर सोडत नाही. मी तिला बाहेर काढीन तेव्हा काढीन. तोवर आपल्या घरची साल तिच्या नाकात जाऊ नये, एवढंच बघायचंय."

ठराव बिनविरोध पास झाला. काम बाईच करणार होत्या हे कळल्यावर तर फारच बिनविरोध.

मीटर रूमच्या मागे भोकं पाडलेले निळे ड्रम आले. नियम एकच, ड्रममध्ये प्लॅस्टिक नको. आणि रोज सकाळी ड्रममध्ये काय? गाठ मारलेल्या काळ्या पिशव्या. बाईंनी भिंतीवर लिहिलं, समजावलं, यादवला, म्हणजे आमच्या वॉचमनला, शेजारी उभा केला. पिशव्या कमी होईनात. बाईंना वाटलं लोक आळशी आहेत. त्या पिशव्या स्वतः सोडवायला बसल्या आणि एक पिशवी फुटून आतून घडी घातलेल्या पोळ्यांची चवड आणि वाटीभर शिरा बाहेर पडला. त्यांना काही उलगडेना. मला मात्र बघता क्षणी उलगडलं, कारण अशी गाठ मीही मारत होते.

अहो, आमच्यात ताटात शीत राहिलं तरी आई डोळे वटारायची. अन्न टाकणं म्हणजे पाप. आणि टाकावं तर लागतंच. नवरा बाहेरून खाऊन येतो, मुलं नाकं मुरडतात, फ्रिजमध्ये राहून राहून भाजी आंबते. ते शेजारणीसमोर ड्रममध्ये ओतायचं म्हणजे आपल्या संसाराची चारचौघांत शोभा. पिशवीला गाठ मारली की झाकली मूठ. हे सगळं मी बाईंना एका दमात सांगितलं. त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाल्या, "म्हणजे कायदेवाल्यांनी ओला आणि सुका असे दोनच प्रकार धरले. तिसरा राहिलाच."

मी विचारलं, तिसरा कुठला?

"लाजेचा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ड्रमपुढे फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा तीन बाजूंनी उभा. शिक्षकी पेशात त्यांनी उभा जन्म निवडणुकीची ड्यूटी केलेली, तर त्यांनी सरळ मतदानाचा आडोसाच उभारला. आत जायचं, टाकायचं, बाहेर यायचं. बाई खुर्ची टाकून पाठ करून बसायच्या. आत कोणी काय टाकलं ते बघणार नाही, हा त्यांचा शब्द. पुरुष मंडळींनी बोटाला शाई लावा म्हणून पुष्कळ खिदळून घेतलं, पण गाठी बंद झाल्या. हळूहळू सगळ्या बायका मोकळी भांडी घेऊन येऊ लागल्या. गुप्त मतदानाचे तोटेही झाले. एकदा ड्रममध्ये चप्पल निघाली, एकदा लहान मुलाचा डायपर. बाई कोणाचं नाव घ्यायच्या नाहीत, जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून नुसतं ओरडायच्या, "एक मत बाद!"

तिसऱ्या मजल्यावरचे करंदीकर काका आले, की देवाचं निर्माल्य मासळीच्या काट्यांत घालणार नाही. मला वाटलं आता बाई त्यांची सालटी काढणार, कारण बाई देव मानत नसत. पण त्यांनी निर्माल्यासाठी निराळा ड्रम ठेवला, त्यावर खडूने तुळस काढली आणि शेवटपर्यंत ते खत वेगळं वाळवलं, वेगळं चाळलं. मी चिडवलं, बाई, झेंडूच्या खतात आणि बांगड्याच्या खतात फरक दिसतो का तुम्हाला? म्हणाल्या, "मला नाही दिसत. करंदीकरांना दिसतो. मला दिसत नाही म्हणून नसेलच, असं मी कशाला म्हणू?" बघा. दिसलं ते सांगा म्हणणारी बाई ती हीच. इथपासूनच माझा गोंधळ सुरू झाला.

फुग्याची गोष्ट तर आजही लोक हसून सांगतात. वार्षिक सभेआधी बाईंनी पाण्याच्या मोठ्या जारमध्ये भाजीची देठं आणि शिळा भात भरला, तोंडाला लाल फुगा बांधला आणि जार यादवच्या टेबलाशेजारी उन्हात ठेवला. फुगा रोज फुगायचा. जाणारे-येणारे त्याला टिचकी मारायचे. सभेच्या दिवशी बाईंनी सगळ्यांना मागे उभं केलं, फुग्याला बारीक नळी लावली आणि काडी ओढली. काडी फस्सकन विझली. दुसरी विझली. तिसऱ्या काडीला असा काही वास सुटला की पुढच्या रांगेतले सगळे पदर नि रुमाल नाकाला लावून पळाले. चेअरमन म्हणाले, बाई, पेटतंय ते फक्त आमचं नाक. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई तिथेच उभ्या होत्या, हातात विझलेली काडी. मला वाटलं रडतील. पण त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. नुसता कचरा भरला, शेण घालायचं राहिलं. सुरुवातीचा वायू पेटत नसतो." आणि वहिवाटीप्रमाणे सभेचा चहा झाला. बाईंनी मात्र तबेल्यातून शेण आणलं, जार पुन्हा भरला आणि मागच्या भिंतीशी ठेवला. कोणी विचारेना. पुढे बऱ्याच आठवड्यांनी एका संध्याकाळी मी कामावरून येत होते, तर बाईंनी हाक मारली, सावंत, इकडे या. मी आणि यादव दोघंच. काडी लावली आणि नळीच्या टोकाला निळी ज्योत आली. जेमतेम बोटभर. पापणी लवेपर्यंत टिकली आणि गेली. यादव म्हणाला, गॅस है. बाई म्हणाल्या, हो. मी विचारलं, परत सभा बोलवायची का? त्यांनी मान हलवली. ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलं, म्हणाल्या. मला वाईट वाटलं. हशाला अख्खी बिल्डिंग होती आणि ज्योतीला आम्ही दोघं.

खत मात्र झकास होऊ लागलं. काळं, भुरभुरीत, पावसाळी मातीच्या वासाचं. आणि इथे आमची गुलमोहरची अडचण आली. खत झालं, पण घालायचं कुठे? कंपाउंडात ब्लॉक. पहिल्यांदा सगळ्यांनी फुकट म्हणून बाल्कनीतल्या कुंड्यांत मुठी मुठी कोंबलं, तर निम्म्या मनीप्लांटनी माना टाकल्या. मग कोणी घेईना. गोण्या पार्किंगमध्ये साचू लागल्या. दुसऱ्या मजल्यावरच्याची स्कूटर पावसात राहिली म्हणून भांडण झालं. कायदा सांगतो खत करा. ते ठेवायचं कुठे हे नाही सांगत; ज्याने कायदा केला त्याच्या घरी बाग असणार, दुसरं काय.

मग एक दिवस गोण्या कमी दिसल्या. पुढच्या रविवारी आणखी कमी. यादवने सांगितलं, मॅडम रविवारी सकाळी रिक्षात दोन गोण्या घालून जातात आणि मोकळ्या गोण्या घेऊन येतात. झालं. बिल्डिंगच्या तोंडाला कुलूप नसतंच. बाई गिरीजच्या वाड्यांमध्ये खत विकतात असं ठरलं. केळीवाले चांगला भाव देतात असंही ठरलं. चेअरमननी मला सांगितलं, तुम्ही बघा जरा. मी म्हटलं, मी काय पोलीस आहे? पण उत्सुकता मलाही होती. मी रविवारी सरळ बाईंच्या रिक्षात जाऊन बसले. बाईंनी विचारलंही नाही. एक गोणी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, घट्ट धरा.

रिक्षा गिरीजकडे, म्हणजे पश्चिमेला, वळायची सोडून पूर्वेला निघाली. वास यायला लागला तेव्हा मला कळलं आपण कुठे चाललोय. डंपिंगच्या फाटकावरचा सुपरवायझर बाईंचा विद्यार्थी निघाला. बाईंना बघून त्याने विडी विझवली आणि मला म्हणाला, "लोक इथे कचरा टाकायला येतात, मॅडम. बाई खत टाकायला येतात. मी काय बोलणार?"

खरं सांगते, मी गोणी खालीच टेकवली. ज्या डोंगरावर कचरा जाऊ नये म्हणून वर्षभर आमच्या मागे लागलेली ही बाई, ती आमच्याच कचऱ्याचं खत करून त्याच डोंगरावर नेऊन ओतत होती! जुना भाग होता तो, नवा कचरा तिथे पडत नव्हता. वर कुठे कुठे भेगा पडलेल्या, हात लावला तर ऊन ऊन. बाईंनी गोणी उलटी केली आणि खत पायाने पसरलं. मला समजावलं की पिकलेल्या खतात असे जंतू असतात, जे तो वायू बाहेर पडता पडता खाऊन टाकतात. खताची गोधडी घातली की धुमसणं कमी होतं. मी विचारलं, एवढ्या डोंगराला तुमच्या दोन गोण्या पुरणार? बाई म्हणाल्या, नाही.

मग कशाला, असं मी जवळजवळ ओरडलेच. आणि बाजूलाच, चार पावलांवर, एक मोठी भेग होती. तिच्यातून चक्क वाफ निघत होती. मी म्हटलं, निदान तिच्यावर तरी घाला. बाईंनी तिकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "तो भाग आपला नाही." मला वाटलं परवानगीचा काहीतरी भाग असेल.

खाली उतरलो तर पायथ्याशी एक कौलारू घर. ओटीवर आक्का बसलेल्या. बाईंपेक्षा बऱ्याच थोरल्या, डोळ्यांत मोतीबिंदू, बोलताना मध्ये मध्ये धाप. मला बसा म्हणाल्या आणि लगेच धाकट्या बहिणीची तक्रार सुरू. "हिला सांगा काहीतरी. घरचं झालं थोडं आनि व्याह्यानं धाडलं घोडं. दारात कचऱ्याचा एवढा डोंगर, वर ही आनखी दोन गोनी आनते." खत आणि कचरा यांतला फरक बाईंनी अख्ख्या बिल्डिंगला पटवला, पण सख्ख्या बहिणीला काही पटवता आला नव्हता. माझ्यासमोर आक्कांनी भाजीची देठं उचलली आणि मागच्या दारातून डोंगराच्या दिशेने भिरकावली. मी बाईंकडे पाहिलं. बाई बूट झटकत होत्या.

इथे का राहता, असं मी आक्कांना विचारलं. धाकटीकडे चला की तुळिंजला. तर त्यांनी डोंगराकडे हात केला. त्याच्याखाली आमचं शेत आहे, म्हणाल्या. भाताचं. बापाचं. साहेब लोक येऊन सांगून गेलेत, मशीन आणून एक दिवस सगळा कचरा चाळणार, उचलणार. मग खाली शेत निघेल.

"तेव्हा हद्द कोन दाखवनार?" आक्का म्हणाल्या. "बांध कुठं, बोरीचं झाड कुठं, म्हाताऱ्यांमधी मीच उरले. मी गेले तर हद्द गेली."

परत येताना रिक्षात बाईंनी रिकाम्या गोण्या माझ्याकडे दिल्या. मग सांगितलं की जमीन कधीच गेली. बापानेच सही केली, पैसे घेतले, ते त्या घराच्या कौलांतच संपले. हे आक्कांनाही माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं. मी विचारलं, मग तुम्ही त्यांना खरं का सांगत नाही? "सांगून झालं. पुन्हा पुन्हा सांगून झालं," बाई म्हणाल्या. "ती तिथेच धाप लागून मरणार, सावंत. आणि मी इथे फुगे फुगवत बसले आहे." बाईंच्या आवाजात असं काही मी पहिल्यांदा ऐकलं. मी रिकाम्या गोण्यांच्या घड्या घालत राहिले.

कमिटीला मी सांगितलं, बाई खत विकत नाहीत. मग काय करतात? म्हटलं, डंपिंगवर टाकतात. लोक माझ्याकडे असे बघायला लागले जणू मलाच लागण झाली. त्यानंतर बरेच रविवार मी बाईंबरोबर गेले. का, ते विचारू नका.

उन्हाळ्यात डंपिंग पेटलं. आभाळ पिवळं झालं, तुळिंजपर्यंत घसा खवखवायचा. बाई धावत आक्कांना आणायला गेल्या आणि एकट्याच परत आल्या. आक्का नाकाला ओलं फडकं बांधून ओटीवर बसल्या होत्या, हलल्या नाहीत. आगीचे बंब आठवडाभर फिरत होते. सगळं निवल्यावर आम्ही वर गेलो, तर पलीकडचा सगळा उतार काळा, आणि आम्ही खत टाकलेला तुकडा तसाच्या तसा. मला तर आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या. म्हटलं बाई, जिंकलात! आता बोलवा सभा! बाईंनी बुटाच्या टोकाने माती उकरून पाहिली. म्हणाल्या, वारा त्या बाजूचा होता. किंवा इथला कचरा जुना, त्यातला वायू संपत आला असेल. किंवा खतामुळे. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढायचा नसतो. आता सांगा, अशा माणसाची बाजू घेऊन भांडायचं तरी कसं? त्यांच्या बाजूने बोलायला जावं तर त्याच आडव्या येणार.

त्यानंतर बाई फार दिवस राहिल्या नाहीत. त्या हिवाळ्यात झोपेत गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. आक्का आता आमच्या तळमजल्यावर राहतात, बाईंच्याच घरात, आणि त्यांचा एक पुतण्या विरारहून येऊन जाऊन असतो. सकाळी काठी टेकत त्या पुठ्ठ्याच्या आडोशात जातात आणि आतून सांगतात, कोनी बघू नका हं. म्हणजे आक्कांनी घर सोडलं हे तुम्हाला कळलंच. कसं सोडलं ते सांगायचं राहिलं, आणि बाई मला आठवतात त्या त्याच दिवशीच्या.

पाऊस नुकता सरला होता. बाई आदल्या दिवशी घरी येऊन म्हणाल्या, सावंत, उद्या गोण्या नाहीत, पण चला. गेलो तर आक्कांच्या दारात एक सोडून दोन रिक्षा उभ्या, ओटीवर बांधाबांध केलेली ट्रंक आणि आक्का पदर खोचून ट्रंकेवर बसलेल्या. त्यांची धाप आता बसल्या जागीही ऐकू येत होती. मी बाईंना खूण केली, तयार झाल्या? बाई म्हणाल्या, एका अटीवर. आणि मला अर्ध्या चढावर उभं करून त्या वर गेल्या.

पावसानंतर तो सगळा डोंगरच हिरवा झालेला. कचऱ्यावरसुद्धा रान माजतं, त्याला काय. त्यात आमच्या खतातून उगवलेले भोपळ्याचे वेल होते, टोमॅटोची रोपं, पपईचे कोंब, सगळ्या गुलमोहरच्या स्वयंपाकघरांमधल्या बिया. बाई त्या हिरव्याच्या कडेने चालू लागल्या. छत्री मिटलेली, हातात काठीसारखी. सरळ गेल्या, एका जागी थांबल्या, काटकोनात वळल्या. तिथे वळायला काही नव्हतं. पुन्हा सरळ, पुन्हा काटकोन. वाफेची ती मोठी भेग त्यांच्या पलीकडे राहिली, बरोबर बाहेर.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो भाग आपला नाही म्हणजे काय, ते. इतके महिने ही विज्ञानाची बाई वायूवर गोधडी घालत होती की कचऱ्याच्या डोंगरावर उभी राहून, खाली गाडलेल्या बापाच्या शेताला खत घालत होती? बांधाच्या आत, तेवढ्यालाच?

खालून आक्कांची मला हाक आली. "बाई गं, मला तर दिसत नाय. काय दिसतं? चौकोन दिसतो का?"

वरून बाई म्हणाल्या, "सावंत, दिसतं ते सांगा."

मी पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं. हिरवं दिसत होतं. आमच्या तुकड्यात जरा गडद दिसत होतं असं वाटलं, एका बाजूला सरळ रेघ आहे असंही वाटलं, आणि मग वारा आला आणि सगळं एकच हिरवं झालं. वर बाई उभ्या होत्या, खाली आक्का धापा टाकत होत्या.

"दिसतो, आक्का," मी म्हटलं. "चौकोन आहे. बांध लांबूनही ओळखू येतो."

"बोरीपाशी वळतो का?"

बाई त्या वेळी वरच्या कोपऱ्यावर पाय जुळवून उभ्या होत्या. "वळतो," मी म्हटलं. "कोणालाही दिसेल असा वळतो."

आक्कांनी खोचलेला पदर सोडून सारखा केला. मग कोनीही बघेल आता, मी कशाला पायजे, असं म्हणत ट्रंकेवरून उठल्या आणि आपल्या आपण रिक्षात जाऊन बसल्या.

बाई खाली आल्या. पायरीवर बूट आपटून माती झाडली. मीही उतरून वाट बघत होते. बाईंचा प्रश्न ठरलेला होता. दिसलं का वाटलं, सावंत? पण बाईंनी फक्त माझ्या खांद्यावरची भोपळ्याची वाळकी पानं झटकली, छत्री काखेत मारली आणि आक्कांच्या शेजारी जाऊन बसल्या.